आठातले दोन

मोटरनं हवा धरली तेव्हा ऊन अजून धड वरही आलं नव्हतं. पाटाचं पाणी आधी करंगळीएवढं झालं, मग तुटक तुटक यायला लागलं, आणि पाईप दमेकऱ्यासारखा घरघरायला लागला. चंद्रभागा झेंडूच्या सातव्या वाफ्यात खोरं घेऊन दारं धरत, म्हणजे पाणी एका वाफ्यातून पुढच्यात वळवत, उभी होती. तिच्या पायाखाली गार चिखल होता आणि पुढचे अकरा वाफे कोरडे ठणठणीत पडले होते.

"लागली का गं बये परत धाप," ती मोटरीला म्हणाली. मोटरीला बाई समजून बोलायची तिला सवय होती. तिनं खोरं बांधावर टाकलं, लुगडं वर खोचलं आणि मोटरीच्या खोलीत जाऊन लाल बटण दाबलं. मग विहिरीच्या काठावर ओणवं होऊन तिनं आत पाहिलं. पाणी देवळीच्या चांगलं तीन पायऱ्या खाली गेलं होतं. देवळी म्हणजे विहिरीच्या बांधकामात सोडलेला हातभर उंचीचा कोनाडा. पहिलं पाणी लागलं तेव्हा सासऱ्यानं तिथं दिवा लावला होता. पूर्वी फाल्गुनात त्या देवळीत पाणी खेळायचं. आता फाल्गुनाची पुनव अजून दोन दिवसांवर होती आणि देवळीत पारव्यानं घरटं केलं होतं.

ही विहीर हिंजवडीच्या ओढ्याकडच्या वस्तीवरची. सासऱ्याला दोन मुलगे. थोरला रंगराव, म्हणजे चंद्रभागेचा नवरा, आणि धाकटा दत्तोबा. म्हाताऱ्यानं जमीन वाटली तशी विहीरही वाटली. विहीर काही विळीवर चिरून देता येत नाही, म्हणून त्यानं दिवस वाटले. आठ दिवसांची फेरी. पहिले चार दिवस पाण्याची पाळी रंगरावाची, पुढचे चार दत्तोबाची, की पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा घरात वाचणारं कुणी नव्हतं. म्हाताऱ्यानं ओढ्यातनं आठ गुळगुळीत खडे वेचून आणले आणि मोटरीच्या खोलीतल्या दोन फळ्यांपैकी डावीकडच्या फळीवर ओळीनं मांडले. रोज सकाळी ज्याची पाळी असेल त्यानं एक खडा उचलून उजवीकडं ठेवायचा. आठही खडे उजवीकडं गेले की फेरी संपली. पस्तीस वर्षांत या खड्यांवरनं भावाभावांत वाकडा शब्द गेला नव्हता, आणि भाऊबंदकीत एवढं म्हणता येणं ही काही लहान गोष्ट नाही.

दोन वर्षांमागं दत्तोबाची वरच्या अंगाची जमीन आयटी पार्कात गेली. त्याच्या चार पाळ्यांपैकी दोन पाळ्यांचं रान ते. तिथं आता निळ्या काचेची सहा मजली इमारत होती आणि सकाळी तिच्यासमोर कंपनीच्या बसगाड्यांची रांग लागायची. दोन पाळ्यांची जमीनच उरली नाही, मग त्या दोन दिवसांचं करायचं काय, असा प्रश्न पडला. तो सोडवला चंद्रभागेनं. "दोन दिस मोटर बंद ठिवून काय तिची पूजा करायची? आठातनं दोन गेले, सहा ऱ्हायले. सहाचीच फेरी करू," असं म्हणून तिनं फळीवरचे दोन खडे उचलले आणि सरळ विहिरीत टाकून दिले. रंगराव वा म्हणाला. दत्तोबा काहीच बोलला नाही, म्हणजे त्यालाही पटलं असं तिनं धरलं. आपलं डोकं शाळेत फारसं न जाताही चालतं, याचा तिला त्या दिवशी फार अभिमान वाटला होता.

पहिल्या वर्षी मजेत गेलं. पाळी दोन दिवस आधी यायची, पिकं टरारून यायची. दुसऱ्या वर्षी माघातच विहीर धापा टाकायला लागली.

"वैनी, हवा धरली न्हवं?"

दत्तोबा बांधावर उभा होता. जमीन गेल्यापासून त्याच्या मनगटावर सोनेरी घड्याळ आलं होतं आणि हाताचे घट्टे मऊ पडले होते. उरलेल्या दोन पाळ्यांवर तो दोन म्हशींपुरता घास करायचा, आणि बाकीचा दिवस कुठं घालवायचा या विवंचनेत असायचा.

"धरली. तुमाला कसं कळलं?"

"आवाज पार चावडीपतुर येतोय." तो उकिडवा बसला. "रामदास येऊन गेला काल. कंपनीला भाड्यानं दिलेल्या बसगाड्या लावायला जागा पायजे त्याला. ह्यो सगळा तीस गुंठ्यांचा तुकडा मागतोय. विहिरीत मुरूम भरून सपाटी बी तोच करून घील."

"विहीर बुजवायची?"

"मंग काय तिच्यात गाड्या उभ्या करायच्या? आटलेली विहीर आन् वांझ म्हस, दोन्ही बांधून ठिवून उपेग न्हाई. दादाला इचारलंय मी. दादा म्हनला, तुजी वैनी हो म्हनली तर माजी ना न्हाई. पाडव्याला रामदास बोलणी पक्की करायला येतोय."

तो गेला तरी चंद्रभागा तशीच काठावर बसून राहिली. तिला बसगाड्यांचा राग नव्हता. तिचा मुलगा अभय भोसरीच्या कारखान्यात अशाच गाडीनं जायचा आणि गादीवर बसून जायचा. पण लग्न होऊन आल्यापासून सकाळी उठलं की ती या विहिरीवर आली होती. पाण्याबरोबर वाफ्यावाफ्यानं पुढं सरकत जायचं, एक दार मोडायचं, दुसरं बांधायचं, याच्यात तिला जे सुख होतं ते तिनं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. विहीर बुजली तर उद्यापासून उठून करायचं काय, हे तिला समजेना.

दुपारी ती घरी आली तर ओसरीवर सूनबाईनं पसारा मांडला होता. पुठ्ठे, रंगीत कागद, डिंकाची बाटली. कल्याणी मूळची शनिवार पेठेतली. तिचे वडील सीताराम यांचं तिथं फुलांचं दुकान, आणि चंद्रभागेचा झेंडू बारा वर्षं त्याच दुकानात जायचा. पाट्या उतरवता उतरवता सोयरीक जमली. कल्याणी आता कर्वेनगरला डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होती. दोन बस बदलून जायची, दोन बस बदलून यायची, आणि वर सासूला शिकवायची.

"आत्या, जरा माझी विद्यार्थिनी होता का? होळी झाली की सराव पाठ आहे माझा, चौथीच्या वर्गावर."

"मी दुसरीतनं शाळा सोडली गं."

"मग आज चौथीत गेलात. पेढे नंतर वाटू."

चंद्रभागेला एवढ्या काळजीतही हसू आलं. ती हातपाय धुऊन भाकरी खायला बसली. कल्याणीनं पुठ्ठ्याचं वर्तुळ केलं होतं, पण रंग फुटून त्याचा पार चिखल झाला होता. तिनं ते बाजूला सारलं, सासूच्या ताटातली दुसरी भाकरी उचलली आणि विळीवर तिचे नेमके आठ तुकडे केले.

"ही अख्खी भाकरी. हिचे आठ सारखे भाग केले. एक तुकडा म्हणजे आठातला एक. लिहिताना रेघेच्या खाली आठ लिहायचे, त्याला छेद म्हणतात. वर एक लिहायचा, तो अंश. भाकरी कितीत कापली ते छेद सांगतो. आपल्या वाट्याला किती तुकडे, ते अंश सांगतो."

"बरं. पर मला भूक लागलीया."

"वजाबाकी झाली की जेवा. आठ छेद आठ, म्हणजे अख्खी. तिच्यातून दोन छेद आठ वजा करायचे." कल्याणीनं दोन तुकडे उचलून हातात घेतले. "किती उरले?"

"सहा."

"सहा कशातले?"

"म्हंजे काय? समोर सहा हायेत. सहातले सहा."

कल्याणीनं समाधानानं टाचणाच्या वहीत खूण केली. "अगदी हीच चूक. मुलं अशीच चुकतात म्हणून बाईंनी सांगितलं होतं. आत्या, सहातले सहा म्हणजे तर अख्खी भाकरी झाली. मग आपण वजा काय केलं? दोन तुकडे तर माझ्या हातात आहेत."

चंद्रभागेनं ताटात पाहिलं, मग सुनेच्या हाताकडं पाहिलं.

"मंग काय म्हनायचं?"

"सहाच म्हणायचं, पण आठातले सहा. दोन तुकडे गेले म्हणून भाकरी आठात कापली होती हे खोटं होत नाही ना? वरचा आकडा कमी होतो, खालचा आठ जागचा हलत नाही. खालचाही कमी केला, तर सहा छेद सहा, म्हणजे पुन्हा अख्खी. वजाबाकी केलीच नाही असं होतं."

चंद्रभागेचा घास हातातच राहिला.

"परत सांग गं."

"काय?"

"खालचा हलीवला तर काय हुतं ते."

"अख्खंच राहतं. दोन गेले असं तोंडानं म्हणायचं आणि खायचं मात्र अख्खं."

चंद्रभागा ताटावरनं उठली. ओसरीच्या कडेला जाऊन तिनं लांबवर दिसणाऱ्या निळ्या काचांकडं बघितलं. पाऊस पडला की पाणी मुरायचं ते त्या वरच्या रानात, दत्तोबाच्या दोन पाळ्यांच्या रानात, आणि तिथनं झिरपत विहिरीच्या झऱ्यांना यायचं. आता तिथं सिमेंट होतं. पडेल ते पाणी गटारानं पार मुळा नदीला जात होतं.

"आत्या, काय झालं?"

"माजं चुकलं गं कल्याणी. विहिरीला येनारं पानी कमी झालं, आन् उपसा मी अख्खा ठिवला. आठ दिसांची फेरी हुती, मी सहाची केली. साही दिस मोटर. एक दिस तिला इसावा न्हाई. आठातले सहा दिस चालवायला पायजे हुती आन् दोन दिस बंद." ती मटकन खाली बसली. "ते दोन खडे मीच फेकले. ह्या हातानं."

कल्याणीला खड्यांची गोष्ट ठाऊक होती. ती वही मिटून म्हणाली, "चौथीच्या मानानं लवकर समजलं तुम्हाला."

रंगरावाला समजायला तेवढाही वेळ लागला नाही, पण मानायला फार लागला. संध्याकाळी त्याच्यापुढं चंद्रभागेनं पुन्हा भाकरी चिरली. तो म्हणाला, "आता आपल्या चार पाळ्या सहा दिसांत येत्यात. तुजं ऐकलं तर आठ दिसांत येनार. झेंडू वाळला म्हंजे?"

"विहीरच बुजली तर तुमी झेंडू काय नळाच्या पान्यावर लावनार हाय?"

यावर रंगरावानं भाकरीचे दोन तुकडे तोंडात टाकले आणि म्हणाला, "दत्त्याला तूच सांग."

ते सांगणं फार जड होतं. दुसऱ्या दिवशी ती दत्तोबाच्या अंगणात गेली, तर तो खाटेवर बसून घड्याळाला किल्ली देत होता आणि त्याची बायको सुशीलाबाई म्हशीची धार काढून उठत होती. चंद्रभागा थोरली जाऊ. या घरात तिनं आजवर सांगितलं होतं आणि दुसऱ्यांनी ऐकलं होतं. तिनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "माजी चूक झाली, भावजी."

"काय म्हनली वैनी? सुशीले, ऐकलं का. कुटंतरी तारीख लिहून ठिव," दत्तोबा म्हणाला.

सुशीलाबाई तोंडाला पदर लावून हसली. चंद्रभागेच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या, पण ती हलली नाही.

"आठ दिसांची फेरी परत चालू करू. उद्या होळी. होळीपासनं धरलं तर पाडव्याच्या आदल्या दिसापतुर बरूबर सोळा दिस, दोन फेऱ्या. पाडव्याला सकाळी विहिरीत बघू. पानी वर आलं न्हाई तर मी रामदासाला माज्या हातानं च्या करून देते."

"किती वर?"

"तुमी सांगा."

"देवळीला लागलं पायजे," दत्तोबा म्हणाला. मग घड्याळ मनगटावर चढवत, तिच्याकडं न बघता म्हणाला, "जमीन गेली त्याचं काय वाटलं न्हाई मला. पैका मिळाला. पर वैनी, ते खडे बाबांनी आनलेले हुते. तुमी उचलून फेकले. तवा एकदा तरी मला इचारलं का?"

"न्हाई इचारलं," चंद्रभागा म्हणाली.

होळीच्या सकाळी फळीवर सहाच खडे होते. ओढा कधीच बुजला होता, तसे गुळगुळीत खडे आता आणायचे कुठून? चंद्रभागेनं घरातले दोन बटाटे आणून ओळीच्या शेवटी ठेवले आणि पहिला खडा उजवीकडं सरकवला.

पहिले चार दिवस त्यांचे होते. रंगराव आणि ती दोघं पाण्यावर राहिली, झेंडूला भरपूर पाजलं. तिसऱ्या दिवशी कल्याणी कॉलेजातून आली ती फुगूनच आली. तिनं पाठाला खरीच भाकरी नेली होती. वजाबाकी मुलांना फार छान समजली, म्हणून दुसऱ्या ओळीतल्या एका मुलीनं वजा केलेले दोन तुकडे खाऊन टाकले, आणि मग बाकीच्यांनी उरलेले सहा. मार्गदर्शक बाईंनी वहीत शेरा मारला होता: 'पाठ उत्तम. साहित्य पुढच्या वेळी न शिजवलेले आणावे.'

"गुण दिले का न्हाई पर?" चंद्रभागेनं विचारलं.

"दिले. पंचविसातले एकवीस."

"म्हंजे चार गेले. आन् खालचे पंचवीस तसेच," चंद्रभागा म्हणाली, आणि सुनेचा फुगा फुटला.

पाचवा आणि सहावा दिवस दत्तोबाचा. सातव्या सकाळी चंद्रभागेनं पहिला बटाटा उजवीकडं ठेवला आणि मोटरीला हात न लावता परत आली. आयुष्यात पहिल्यांदा ती ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर रिकामी बसली. चैन पडेना. झेंडूच्या पानांनी दुपारी माना टाकल्या. तिनं न्हाणीतलं सांडपाणी घमेल्यात धरलं, भांड्यांचं धरलं, आणि कडेच्या रोपांना तांब्यातांब्यानं घातलं. कल्याणी घंगाळात उभी राहून अंघोळ करायला लागली. "आत्या, आता मी साबण कमी लावते, नाहीतर फुलांना चंदनाचा वास यायचा," ती म्हणाली. कळश्या वाहून चंद्रभागेच्या कमरेत लचक भरली. तरी एकंदरीत तिला बरं वाटत होतं. चूक कुठं आहे ते कळलं की अर्धं ओझं उतरतं.

आठव्या दिवशी ती गोठा झाडत होती, आणि तिच्या कानावर मोटरीचा आवाज आला. झाडू तिथंच टाकून ती धावत सुटली. रंगराव वाफ्यात खोरं घेऊन उभा होता, आणि बांधावर दत्तोबा बसला होता. तो नुसता बघत होता.

चंद्रभागेनं आधी बटण दाबलं. मग बाहेर येऊन नवऱ्याकडं बघितलं.

"अर्धाच तास लावली हुती," रंगराव म्हणाला. "माना टाकल्या फुलांनी."

"दादा, आर्धा तास म्हंजे किती छेद किती, ते सूनबाईला इचार," दत्तोबा बांधावरनं म्हणाला. "वैनी, तुमचं घर असं पाळनार का दोन दिस? सांगितलं तवाच मला माहीत हुतं."

चंद्रभागेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवऱ्याचा राग आला, त्याहून जास्त दत्तोबासमोर हे व्हावं याची लाज वाटली. ती मोटरीच्या खोलीत गेली. स्टार्टरच्या वर तीन पांढरे फ्यूज होते. तिनं ते एकेक करून ओढून काढले, पदरानं पुसले आणि बाहेर येऊन दत्तोबाच्या हातात ठेवले.

"हे तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. आमच्या पाळीला सकाळी तुमी आनून लावायचे, चवथ्या संध्याकाळी काढून न्यायचे."

"माज्यापाशी?" दत्तोबा म्हणाला. "मला तर विहीर बुजवायची हाय. उद्या मी दिलेच न्हाईत तर?"

"न दिले तर न दिले. खडे फेकताना तुमाला इचारलं न्हाई. आता तरी इचारते."

दत्तोबानं ते फ्यूज हातात उलटसुलट करून बघितले. मग सदऱ्याच्या खिशात टाकून निघून गेला.

नवव्या दिवशी चंद्रभागा सूर्य उगवायच्या आत विहिरीवर गेली, तर दत्तोबा तिच्या आधी येऊन फ्यूज बसवत होता. हाताला जुनी सवय होती, पण डोळ्यांना दिसत नव्हतं, म्हणून चाचपत होता. तिनं दार पुरतं उघडून उजेड आत येऊ दिला. त्यानंतर चारही दिवस तो आला, दुपारीही आला. रंगराव जेवायला गेला की दत्तोबा खोरं घेऊन वाफ्यात उतरायचा. सोनेरी घड्याळ तो आधी काढून फळीवर खड्यांच्या शेजारी ठेवायचा. दुसऱ्या दिवशी त्याच्या हाताला फोड आला आणि त्यानं तो सुशीलाबाईला मोठ्या कौतुकानं दाखवला.

मोटर आता हवा धरत नव्हती. दुपारी जराशी दमायची, पण घरघर नव्हती. तेराव्या, चौदाव्या दिवशी दत्तोबानं घासाला पाणी दिलं आणि फ्यूज खिशात घालून नेले. पंधरावा आणि सोळावा दिवस बटाट्यांचा. तेच दिवस फुलांच्या तोडणीचे. पाडव्याला पुण्यात दारोदार झेंडूची माळ लागते, त्यामुळं घरातली चारही माणसं वाफ्यात वाकली. कारखान्यातून सुटी काढून अभयही आला. फूल मागच्या वर्षीपेक्षा थोडं लहान होतं, पण गच्च होतं आणि रंगाला चढं होतं. अवसेच्या दिवशी संध्याकाळी टेम्पो भरून शनिवार पेठेत गेला, आणि चंद्रभागेची पाठ तिची राहिली नाही. विहिरीत मात्र तिनं दोन दिवस डोकावून बघितलं नाही. भीती वाटत होती.

पाडव्याची सकाळ. रंगरावानं गुढी उभारली, कडुनिंबाचा पाला सगळ्यांनी तोंडं वाकडी करून खाल्ला. तेवढ्यात रामदासाची मोटरसायकल वाजली. तो विहिरीपाशी गाडी लावून सीटवरच बसला. माणूस चांगला होता, तोंडभर हसायचा. "काका, किती टिपर मुरूम लागंल, अंदाज घेतो," तो म्हणाला.

"थांब जरा," दत्तोबा म्हणाला आणि पायऱ्या उतरायला लागला. त्याच्या मागं रंगराव, त्याच्या मागं पाठ धरून चंद्रभागा. कल्याणी वर काठावर उभी राहिली.

पाणी वर आलं होतं. तीन पायऱ्या झाकल्या होत्या आणि काळंशार, गार, स्वच्छ पाणी हलत होतं. देवळीतल्या घरट्यातलं पारव्याचं पिल्लू खाली वाकून बघत होतं. रंगरावाच्या तोंडून हुंकार निघाला. तो हसायला लागला. "लागलं की. देवळीला लागलंच की."

चंद्रभागा खालच्या पायरीवर बसली. तिनं हात पुढं केला आणि पाण्यापासून देवळीच्या कडेपर्यंतच्या कोरड्या दगडावर बोटं आडवी धरली. एकदा धरली, पुन्हा धरून बघितली.

"न्हाई लागलं," ती म्हणाली. "चार बोटं कमी हाय."

रंगराव म्हणाला, "अगं, चार बोटं..."

"कमी ते कमी. देवळीला लागलं पायजे असं भावजींचं बोलणं झालं हुतं." ती उठली आणि पदरानं हात पुसत दत्तोबाला म्हणाली, "चला वर. मी च्या टाकते."

दत्तोबानं वाकून ओंजळ भरली, एक घोट घेतला, उरलेलं तोंडावर मारलं. मग सगळ्यांच्या आधी भराभरा पायऱ्या चढून वर गेला आणि रामदासाला ओलांडून पार्काच्या दिशेनं चालायला लागला.

"कुटं चालले काका?" रामदासानं विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं.

चंद्रभागेनं चहा केला. बोलल्याप्रमाणं स्वतःच्या हातानं कप नेऊन रामदासाला दिला. पहिला कप संपला, दुसरा संपला. ती विहिरीकडं पाठ करून बसली होती. तिला रडायचं नव्हतं, पण पाडव्याच्या दिवशी डोळे भरून येत होते त्याला ती काय करणार? कल्याणी शेजारी येऊन बसली आणि तिनं सासूचा चिरा पडलेला हात आपल्या हातात घेतला.

बऱ्याच वेळानं दत्तोबा परत आला. धोतराला कुसळं आणि पांढरी धूळ लागली होती, कोपर खरचटलं होतं. तो थेट मोटरीच्या खोलीत गेला. चंद्रभागा उठून दारात गेली.

त्यानं फळीवरचे दोन्ही बटाटे उचलले. सोळा दिवसांत त्यांना बोटबोट मोड फुटले होते. "हे लावून टाका बांधाला," असं म्हणून ते त्यानं तिच्या हातात दिले, आणि सदऱ्याच्या खिशातनं दोन खडे काढले. ओढ्यातल्यासारखे गुळगुळीत नव्हते ते. खडबडीत होते, अंगाला लाल माती चिकटलेली होती.

"तारेच्या पलीकडनं आनले," तो म्हणाला. "काचेच्या मागं एक कोपरा तसाच ऱ्हायलाय अजून. वाचमन वरडत हुता. म्हनलं, बाबा, माज्याच रानातले हायेत." त्यानं ते खडे सहा खड्यांच्या ओळीला लावून ठेवले आणि बोटानं ओळ सरळ केली. "आठातले हे दोन माजे. ह्या दोन दिसांत कुनी मोटर लावायची न्हाई, मी बी न्हाई. पानी वर आलंय ते ह्या दोन दिसांचं हाय."

"पर चार बोटं कमी हाय, भावजी."

"ती पुढल्या फेरीला येतील." त्यानं दुसऱ्या खिशातनं तीन फ्यूज काढले आणि एकेक चाचपत जागेवर बसवले. मग बाहेर डोकं काढून ओरडला, "रामदास, जा तू. च्या पिऊन झाला न्हवं?"

मोटरसायकलचा आवाज लांब गेला. दत्तोबा दारातून बाजूला झाला आणि वहिनीला वाट करून दिली.

"वैनी, आज नवी फेरी. पाळी तुमची हाय," तो म्हणाला.

चंद्रभागेनं बटाटे ओच्यात टाकले, ओळीतला पहिला खडा उचलून उजवीकडं ठेवला आणि हिरवं बटण दाबलं.